पाठीवरचे बिऱ्हाड

घर आणि बिऱ्हाड हे दोन शब्द मराठी माणूस सहसा एकमेकांच्या जागी वापरीत नाही. घर असते, बिऱ्हाड केले जाते, थाटले जाते आणि एके दिवशी हलविलेही जाते. घराला पाया लागतो, बिऱ्हाडाला एक चूल आणि चार भांडी पुरतात. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ या म्हणीत एका जागी न टिकणाऱ्या माणसाविषयीची नापसंती आहे, आणि ती व्यक्त करण्यासाठी गोगलगाय किंवा कासव न निवडता विंचू निवडला आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. स्थिर माणसाने अस्थिर माणसाकडे कसे पाहावे, याचा एक जुना निवाडा त्या तीन शब्दांत नांदतो आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील सुखवस्तू मध्यमवर्गाने हा निवाडा स्वतःपुरता उलटवून घेतला. पाठीवर बिऱ्हाड असणे ही नामुष्की न राहता चैन झाली. फ्रान्सच्या ग्रामीण भागात मे ते सप्टेंबर या काळात लहान रस्त्यांवरून जी पांढरी, उंच, चौकोनी वाहने संथपणे चाललेली दिसतात, ती या उलथापालथीची साक्ष होत. त्यांच्या पोटात पलंग, शेगडी, शीतपेटी, न्हाणी आणि शौचकूप असे सारे काही असते. पिण्याच्या पाण्याची टाकी वेगळी, सांडपाण्याची वेगळी. साडेतीन टनांच्या मर्यादेत बसविलेला हा संसार साध्या मोटारीच्या परवान्यावर चालविता येतो. फ्रेंच लोक त्याला ‘काँपिंग-कार’ म्हणतात. शब्द दिसावयास इंग्रजी, परंतु इंग्रज तो वापरीत नाहीत. खेडोपाडी नगरपालिकांनी या पाहुण्यांसाठी चर्चच्या मागे, क्रीडांगणाच्या कडेला किंवा जुन्या रेल्वेस्थानकाच्या आवारात थांबे बांधले आहेत. तेथे नाणे टाकले की पाणी मिळते, जमिनीतील जाळीवर गाडी उभी करून सांडपाणी सोडता येते आणि रात्र काढता येते. कोणाचे दार ठोठवावे लागत नाही.

दार ठोठवावे न लागणे हेच या प्रवासाचे मुख्य आश्वासन आहे, आणि प्रश्न नेमका येथेच उभा राहतो. स्वतःचे छप्पर बरोबर घेऊन फिरणारा माणूस ज्या भूमीवरून जातो तिचे काही देणे लागतो काय? लागत असल्यास ते कोणाला आणि कोणत्या नाण्यात फेडावयाचे?

माणसाची सारी दुःखे त्याला एका खोलीत स्वस्थ बसता येत नाही यातून निर्माण होतात, असा विचार ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकात मांडला. चाकांवरच्या घराने या विचाराला एक चतुर बगल दिली आहे, असे गमतीने म्हणता येईल: खोलीत बसावयाचे, पण खोलीच हलवावयाची. मात्र पास्कलच्या चरित्रातील दुसरी एक गोष्ट येथे अधिक बोधक आहे. तो मध्य फ्रान्समधील क्लेर्माँचा. गावाच्या पश्चिमेस 1,465 मीटर उंचीचा प्युइ द दोम हा मृत ज्वालामुखी उभा आहे. 19 सप्टेंबर 1648 रोजी पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोराँ पेरिए पाऱ्याची नळी घेऊन हा डोंगर चढला आणि पायथ्याच्या मानाने शिखरावर पारा सुमारे 8 सेंटिमीटर खाली उतरतो, हे त्याने पाहिले. हवेला वजन आहे, हे त्या दिवशी डोंगराच्या अंगाखांद्यावर सिद्ध झाले. खोलीत बसण्याचा उपदेश करणारा मनुष्य आणि आभाळाचे वजन करविणारा मनुष्य एकच असावा, हा योगायोग साधा नाही. खोली कितीही घट्ट बंद केली तरी तिच्यावर हवेचा भार असतोच.

चाकांवरच्या खोलीला तर हे फारच लवकर कळते. फ्रान्सच्या मध्यभागातील डोंगराळ पठारावर अटलांटिकची ओली हवा, भूमध्य समुद्राची उष्ण हवा आणि पूर्वेकडील खंडाची कोरडी हवा यांची गाठ पडते. सकाळी उघडीप, दुपारी गारा आणि संध्याकाळी दरीतून वर चढणारे धुके असा एका दिवसाचा क्रम तेथे कोणाला विशेष वाटत नाही. ऱ्होन नदीच्या खोऱ्यात उत्तरेकडून मिस्त्राल वारा सुटला की उंच गाडी चालविणाऱ्याला सुकाणू दोन्ही हातांनी धरून बसावे लागते. शरद ऋतूत भूमध्य समुद्रावरची बाष्पाने जड झालेली हवा सेव्हेनच्या डोंगरांना धडकून वर चढते आणि काही तासांत एखाद्या महिन्याचा पाऊस पाडून जाते. याच रांगेतील एग्वाल शिखरावर 1894 साली वेधशाळा सुरू झाली. वाऱ्यापावसात तेथे राहून माणसे नोंदी करीत असत. 2023 साली ही मनुष्यवस्ती उठली आणि उपकरणे उरली. पाऊस मोजण्यासाठी पावसात राहणारा माणूस लागत नाही, असे ठरले. व्यवहाराच्या दृष्टीने ते बरोबरही असेल.

फ्रेंच भाषेत काळ आणि हवामान या दोहोंना ‘ताँ’ हा एकच शब्द आहे. मराठीला हे परके वाटू नये. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा या तिन्ही शब्दांच्या शेपटाला काळच बांधलेला आहे. दोन्ही भाषांच्या पूर्वजांना एवढे ठाऊक होते की वेळ ही रिकामी नसते, ती ऊन, पाऊस किंवा थंडी यांनी भरलेली येते. रजा घेऊन निघालेला आधुनिक प्रवासी मात्र रिकामी वेळ विकत घेतो आणि तिच्यात आपल्याला हवे ते हवामान भरले जावे अशी अपेक्षा धरतो. तिसऱ्या दिवशीही पाऊस थांबला नाही की त्याला फसविले गेल्यासारखे वाटते. कोणी फसविले, हे त्याला सांगता येत नाही.

1982 च्या मे महिन्यात अर्जेंटिनाचा लेखक हुलिओ कोर्तासार आणि त्याची पत्नी कॅरोल डनलॉप यांनी या रिकाम्या वेळेची वेगळीच परीक्षा घेतली. एका लाल फोक्सवॅगन गाडीत बसून ते पॅरिसहून मार्सेयला निघाले. एरवी एका दिवसाचा हा प्रवास त्यांनी 33 दिवसांत केला; महामार्ग एकदाही सोडला नाही, आणि दररोज दोन विश्रांतिस्थळांवर थांबले. ज्या जागा केवळ सोडून जाण्यासाठी बांधलेल्या असतात तेथे त्यांनी संसार मांडला. पुढच्या वर्षी त्याचे पुस्तक झाले, पण तोपर्यंत कॅरोल हयात नव्हती. कोर्तासारही 1984 मध्ये गेला. ही विक्षिप्त कल्पना केवळ खेळ नव्हती, हे त्या तारखा पाहिल्यावर ध्यानी येते. आपल्याजवळ वेळ किती आहे हे माहीत नसलेल्या दोघांनी महामार्गावरून वेग काढून घेतला होता.

सर्वसामान्य प्रवाशाचा मार्ग याच्या उलट असतो. येथे पाऊस आहे तर दोनशे किलोमीटर दक्षिणेला जाऊ, हे चाकांवरच्या घराचे पहिले तत्त्वज्ञान. त्यात तसे वावगे काही नाही. परंतु त्याच पावसाखाली जो शेतकरी उभा असतो त्याचे गवत कापून पडलेले असते, द्राक्षांना बुरशीची धास्ती असते, आणि त्याला दक्षिणेला जाता येत नाही. एकच ढग दोघांच्या डोक्यावरून जातो. एकाची सहल बिघडते, दुसऱ्याचे वर्ष. 2021 च्या एप्रिल महिन्यात फ्रान्सभर कडाक्याचे दहिवर पडले तेव्हा द्राक्षबागाईतदारांनी कोवळे कोंब वाचविण्यासाठी रात्रभर वेलींच्या ओळींमधून हजारो मेणपात्रे पेटवून ठेवली होती. त्या रात्रींची छायाचित्रे जगभर फिरली आणि ती विलक्षण सुंदर होती. दुसऱ्याच्या चिंतेतले सौंदर्य पाहण्याचा अधिकार प्रवाशाला कोणी दिला, असे विचारणे कदाचित कठोर ठरेल, कारण डोळे मिटून घेण्यानेही कोणाचा कोंब वाचत नाही. परंतु आपण पाहतो ते दृश्य दुसऱ्याचे जगणे आहे, ही जाणीव खिडकीच्या काचेतून आत येत नाही. त्यासाठी खाली उतरावे लागते, आणि पाऊस असताना कोणी उतरत नाही.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन उतरला होता. किंबहुना त्याला चढावयास काही नव्हतेच. 1878 च्या सप्टेंबरमध्ये त्याने ल मोनास्तिए या गावी 65 फ्रँक आणि ब्रँडीचा एक पेला देऊन मोदेस्तीन नावाची गाढवी विकत घेतली आणि सेव्हेनचे डोंगर बारा दिवसांत पायी ओलांडले. तिच्या पाठीवर त्याने मुद्दाम शिवून घेतलेली एक भली मोठी झोपण्याची थैली होती. बाहेरून पाणी न शिरणारे हिरवे कापड, आतून मेंढीची निळी लोकर. आजच्या काँपिंग-कारची ती पणजी म्हणावयास हरकत नाही. पाठ मात्र गाढवीची होती, आणि तिला त्याने चाबकाने व काठीच्या टोकाने किती टोचले हेही त्याने लपविलेले नाही. एका पावसाळी रात्री फुझियाक येथे वाट चुकून त्याने एक दार ठोठावले. अंधारात उंबरठ्याबाहेर पडून वाट दाखविण्यास तेथील म्हाताऱ्याने नकार दिला आणि दार लावून घेतले. स्टीव्हन्सन त्या रात्री रानात झोपला. पुढे लोझेर डोंगराच्या अंगावर, पाइन वृक्षांखाली एक निरभ्र रात्र त्याच्या वाट्याला आली. पाणी, हवा, तारे, पहाट, सारे काही विनामूल्य. सकाळी निघताना त्याने वाटेकडेच्या हिरवळीवर नाणी टाकीत टाकीत आपल्या मुक्कामाचे भाडे चुकते केले.

हे कृत्य हास्यास्पद आहे, आणि ते त्यालाही ठाऊक असावे. ती नाणी रानाला मिळाली नाहीत. मिळालीच असतील तर एखाद्या गुराख्याला. तरीही त्या कृतीत एक नैतिक अचूकता आहे. आतिथ्य लाभले, पण यजमान दिसत नाही; म्हणून ऋण नाहीसे होत नाही. काँपिंग-कारच्या थांब्यावरील यंत्रात टाकलेले नाणे आणि गवतावर टाकलेले ते नाणे यांत फरक एवढाच की पहिल्याने व्यवहार संपतो.

फ्रेंच भाषेतील ‘ओत’ या शब्दाचा अर्थ यजमानही होतो आणि पाहुणाही. दोघे एकाच नात्याची दोन टोके असल्याने एका शब्दात मावतात. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी आपल्याकडची व्युत्पत्ती सांगितली जाते. म्हणजे अनिश्चितता हाच अतिथीचा गुणधर्म. स्वयंपूर्ण वाहन घेऊन येणारा माणूस या दोन्ही व्याख्यांत नीट बसत नाही. त्याला पाणी नको, अन्न नको, अंथरूण नको. फ्रान्समध्ये असंख्य द्राक्षबागाईतदार आणि शेतकरी अशा वाहनांना आपल्या आवारात चोवीस तास विनामूल्य उभे राहू देतात; काही विकत घेण्याची सक्ती नसते, प्रवाशाने येताना आणि जाताना भेटून जावे एवढाच शिष्टाचार. व्यवस्था सुरेख आहे. परंतु ज्याला काहीच नको त्याला देणार काय, ही यजमानाची अडचण तीत शिल्लक राहतेच, आणि ती बहुधा मद्याच्या सहा बाटल्यांच्या खोक्याने सोडविली जाते.

खरे आतिथ्य सुरू होते ते पावसाने. भिजलेल्या गवतावर उभी राहिलेली जड गाडी सकाळी जागची हलत नाही, पुढची चाके चिखलात गरगर फिरून आणखी रुततात, आणि मग प्रवाशाला रबरी बूट घालून शेतकऱ्याच्या दाराशी जावेच लागते. साखळी बांधून ट्रॅक्टर गाडीला बाहेर ओढून काढतो. शेतात दोन खोल चर पडतात. पैसे देऊ केले तर बहुधा नाकारले जातात, आणि न द्यावेत तर अवघडल्यासारखे होते. या अवघडलेपणाची किंमत ओळखली पाहिजे. स्वावलंबन हा सद्गुण खराच. परंतु दुसऱ्याच्या भूमीवर असताना पूर्ण स्वावलंबी असणे म्हणजे तिच्याशी काहीच नाते न ठेवणे. ज्याला कोणाची गरज पडत नाही तो कोणाचाच पाहुणा नसतो, आणि मग त्याच्या असण्याला ‘उभे असणे’ याहून मोठा शब्द वापरता येत नाही.

येथवरचा विचार एका प्रकारच्या फिरत्या घरापुरता झाला. फ्रान्सच्या रस्त्यांवर फिरती घरे दुसऱ्याही प्रकारची आहेत आणि ती फार जुनी आहेत. मानूश, जितां, रोम, येनिश अशा विविध समूहांतील ज्यांना फ्रेंच प्रशासन ‘प्रवासी लोक’ अशा गुळगुळीत नावाने ओळखते, त्यांतील अनेकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे घर ही चाकांवरची गाडीच होय. यांतील रोमानी बोलणाऱ्यांच्या भाषेचे मूळ भारतात आहे. पाण्याला ते आजही ‘पानी’च म्हणतात. 16 जुलै 1912 च्या कायद्याने फ्रान्सने या भटक्यांना शरीराची मापे, बोटांचे ठसे आणि छायाचित्रे असलेली वही बाळगण्याची सक्ती केली. गावात येताना आणि गाव सोडताना ती दाखवून शिक्का घ्यावा लागे. एप्रिल 1940 मध्ये त्यांच्या फिरण्यावर बंदी आली. पुढे हजारो जणांना छावण्यांत डांबण्यात आले, आणि युद्ध संपल्यानंतरही त्यांतील शेवटच्या लोकांना सुटण्यासाठी 1946 उजाडावे लागले. माँत्रय-बेले येथील छावणीच्या जागी जाऊन राष्ट्राध्यक्ष ओलांद यांनी फ्रान्सची जबाबदारी मान्य केली ती 29 ऑक्टोबर 2016 रोजी. 1969 साली मापांची वही गेली, पण तिच्या जागी दुसरी फिरतीची कागदपत्रे आली. मतदानासाठी एखाद्या गावाशी तीन वर्षे संलग्न असण्याची अट त्यांना घातली गेली. ही अट 2012 मध्ये घटना परिषदेने रद्द केली आणि उरलेली पुस्तिका 2017 मध्ये संपली.

मराठी वाचकाला या वह्या परिचित वाटतील. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1952 पर्यंत आपल्याकडे होता, आणि गावोगावी पोलीसपाटलाकडे लावावी लागणारी हजेरी, चोवीस तासांत पाल उठविण्याचा हुकूम, या गोष्टी लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’पासून लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’पर्यंतच्या लेखनाने मराठी साहित्यात आणून बसविल्या. आपल्या विंचवाच्या म्हणीकडे या पुस्तकांनंतर पूर्वीच्या निर्धास्तपणे पाहता येत नाही.

आता दोन वाहने शेजारी उभी करून पाहावीत. दोन्हींत पलंग, चूल आणि पाण्याची टाकी. एकातील माणसाला कुठे तरी दगडी घर आहे, दुसऱ्यातील माणसाला ते नाही. पहिल्याचे फिरणे स्वातंत्र्य ठरते, दुसऱ्याचे फिरणे समस्या. पहिल्यासाठी गाव स्वखुशीने थांबा बांधते, कारण तो पाव, चीज आणि मद्य विकत घेतो. दुसऱ्यासाठी पाच हजारांहून अधिक वस्तीच्या गावांनी जागा द्यावी म्हणून 5 जुलै 2000 चा कायदा करावा लागला, आणि तरीही कित्येक गावांनी तो वर्षानुवर्षे टाळला. ज्यांनी जागा दिली त्यांनी ती कोठे दिली, हेही पाहण्यासारखे आहे. विल्यम अ‍ॅकर या तरुण कायदेतज्ज्ञाने, जो स्वतः याच समाजातला आहे, 2021 साली अशा जागांची जिल्हावार मोजदाद प्रसिद्ध केली. त्यांतील पुष्कळ वस्तीपासून दूर, महामार्ग, कचरा डेपो किंवा कारखाने यांच्या कुशीत असल्याचे तीत दिसते. 26 सप्टेंबर 2019 रोजी रूआँ शहरात रासायनिक कारखान्याला प्रचंड आग लागली, तेव्हा त्याच्या अगदी जवळ अशीच एक जागा होती आणि तेथील कुटुंबे धुराखाली तशीच राहिली.

याला उत्तर म्हणून सांगितले जाते की हे लोक मोठ्या जथ्याने येतात, परवानगीवाचून कुरणात शिरतात, विजेच्या तारेवर आकडा टाकतात. असे घडते, नाकारण्यात अर्थ नाही. ज्या शेतकऱ्याच्या कुरणात रातोरात शंभर गाड्या उभ्या राहिल्या त्याचा संताप खोटा नसतो. परंतु समुद्रकाठच्या गावांनी आपल्या वाहनतळांच्या तोंडाशी दोन मीटर उंचीचे लोखंडी आडवे बार बसविले ते सुखवस्तू पर्यटकांची सांडपाणी सोडण्याची सवय पाहूनच. उपद्रव दोघांचाही होतो. पहिल्याचा उपद्रव त्याच्या वागण्यात मोजला जातो, दुसऱ्याचा त्याच्या असण्यात. सुट्टी संपली की पहिल्याचे बिऱ्हाड झाकण घालून अंगणात उभे राहते. दुसऱ्याला बिऱ्हाडातून परतण्यासाठी घर नाही, आणि म्हणूनच त्याच्या बिऱ्हाडाला कायद्याने निवास मानावे ही त्याची जुनी मागणी आहे.

आभाळ मात्र हा भेद जाणत नाही. 14 जुलै 1987 रोजी आल्प्समधील ल ग्राँ-बोर्नां येथे वादळी पावसाने ओढा फुगून नदीकाठच्या तंबूतळावर शिरला आणि वीसहून अधिक माणसे गेली. 22 सप्टेंबर 1992 रोजी व्हेझों-ला-रोमेन येथे ऊव्हेझ नदी काही तासांत चढली. फिरती घरे आणि पक्की घरे सारख्याच सहजतेने वाहिली, तीसहून अधिक लोक मृत्यू पावले. पहिल्या शतकातील रोमन पुलावरून पाणी गेले. त्याचा कठडा वाहून गेला, कमान राहिली. त्यानंतर पूरप्रवण जागेतील तंबूतळांना नियम लागू झाले, आणि 1999 च्या डिसेंबरमधील दोन भीषण वादळांनंतर 2001 पासून हवामान खाते देशाचा रंगीत नकाशा प्रसिद्ध करू लागले: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल.

नकाशा नारिंगी झाला की नदीकाठच्या गावाचा महापौर अंधार पडण्यापूर्वी माणसे पाठवितो. पांढऱ्या गाड्यांच्या थांब्यावर कोणी तरी जाऊन काचा वाजवितो आणि माणसांना शाळेच्या व्यायामशाळेत हलवितो. तेथे सतरंज्या आणि कॉफी असते. गावाबाहेरच्या दुसऱ्या जागेवरही कोणाला पाठवावयाचे, याची आठवण महापौराला त्या संध्याकाळी आपणहून होते किंवा होत नाही. झाली, तर रात्री दोन्ही बिऱ्हाडांतील मुले एकाच लाकडी जमिनीवर झोपतात, आणि कोणी तरी एक माणूस दाराशी बसून कागदावर नावे उतरवून घेतो.